मधुमेही आजोबांचा हाडांचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, म्हणून निश्चिंत राहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार) दिन आणि १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. या दोन तारखांच्या आगेमागे इंदुरात कॉलनी-कॉलनीत तपासणी शिबिरे लागतात. हाडांच्या शिबिरातल्या रांगेत बहुतेक बायका असतात. साखरेच्या शिबिरात पुरुष भरपूर, पण तिथे हाडांचे नाव कुणी काढत नाही. पासष्टी ओलांडलेला, दहा-पंधरा वर्षे मधुमेह अंगात मुरलेला पुरुष या दोन्ही शिबिरांच्या मधून निसटतो. त्याच्यासाठी, आणि खरे तर त्याच्या घरच्यांसाठी, हे पत्र आहे.

ऑस्टिओपोरोसिस म्हणजे बायकांचा आजार, हा समज पक्का बसलेला आहे. पन्नाशीनंतर दर तीन बायकांत एकीला ठिसूळ हाडांमुळे फ्रॅक्चर होते हे खरे, पण दर पाच पुरुषांत एकालाही होते. आणि खुब्याचे हाड मोडल्यावर वर्षाच्या आत दगावण्याचे प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा जास्त आहे. त्यात मधुमेहाची भर पडते. टाइप २ मधुमेहात खुब्याच्या फ्रॅक्चरचा धोका साधारण सव्वा ते पावणेदोन पट होतो. लहानपणापासूनच्या टाइप १ मधुमेहात तो याहून कितीतरी जास्त असतो. मधुमेह जितका जुना, तितका धोका मोठा. इन्शुलिन चालू असेल, मूत्रपिंड थकलेले असेल किंवा पायांत बधिरपणा असेल, तर आणखी मोठा.

गोंधळ होतो तो पुढे. वजनदार शरीराच्या टाइप २ मधुमेही माणसाची डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी केली, तर हाडांची घनता पुष्कळदा नॉर्मल येते, कधी तर समवयस्कांपेक्षा चांगली येते. घरचे खूश होतात, फाइल कपाटात जाते, आणि दोन वर्षांनी तोच माणूस बाथरूमच्या उंबऱ्यावर अडखळून खुबा मोडून घेतो. यंत्र बिघडलेले नसते. डेक्सा हाडातले खनिज मोजते. हाडाचा दर्जा मोजत नाही. स्लॅबमध्ये सिमेंट किती आहे ते कळले, पण आतली सळई गंजली आहे का ते कळले नाही, असा हा प्रकार आहे.

हाडातली सळई म्हणजे कोलॅजन. रक्तातली जादा साखर जशी हिमोग्लोबिनला चिकटते आणि आपण ती एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) म्हणून मोजतो, तशीच ती कोलॅजनलाही चिकटते. त्यातून कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नको त्या गाठी बसतात, हाडाची लवचीकता जाते आणि धक्का सोसण्याऐवजी ते तडकते. इथे एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवसांत बदलते, म्हणून तीन महिने पथ्य नीट पाळले की एचबीए१सी सुधारतो. हाडातले कोलॅजन बदलायला वर्षानुवर्षे लागतात, आणि मधुमेहात तर हाडांची ही जुने काढून नवे भरण्याची क्रियाच मंदावलेली असते. म्हणून यंदाचा ६.८ चा आकडा पाहून मागच्या पंधरा वर्षांतल्या साडेनऊचा हिशेब मिटला असे समजू नये. शिवाय हाडाच्या बाहेरच्या टणक कवचात बारीक छिद्रे वाढतात, आणि तीही डेक्सात नीट दिसत नाहीत.

म्हणून मधुमेही पुरुषाचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणांच्या हाडांशी तुलना करून डेक्सात येणारा आकडा, वाचायची रीतच वेगळी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या व्याख्येप्रमाणे टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. टाइप २ मधुमेहात मात्र फ्रॅक्चरचा धोका त्या स्कोअरवरून वाटतो त्यापेक्षा सुमारे अर्ध्या अंकाने पुढे असतो. म्हणजे कागदावर उणे २.० असेल तर तो उणे २.५ सारखा धरावा. अमेरिकन डायबेटीस असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही मधुमेहात उणे २.० पासून, किंवा किरकोळ धक्क्याने फ्रॅक्चर झाले असेल तर, औषधाचा विचार करावा असे म्हटले आहे. पासष्टीनंतर दर दोन-तीन वर्षांनी डेक्सा करावी, हेही त्यातच आहे. डॉक्टर दहा वर्षांतला धोका काढायला फ्रॅक्स हे गणकयंत्र वापरतात. त्याच्या नेहमीच्या प्रश्नावलीत टाइप २ मधुमेहाला स्वतंत्र रकाना नाही, त्यामुळे आकडा कमी निघतो. त्यावरचा रूढ तोडगा म्हणजे संधिवाताच्या, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिसच्या रकान्यात खूण करून मधुमेहाची भरपाई करणे. आपल्या डॉक्टरांना हे आवर्जून विचारावे. विचारण्यात कसलाही आगाऊपणा नाही.

डेक्साचा कागद हातात आला की कंबरेच्या मणक्यांच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, खुब्याचा आकडा पाहा. वयस्कर पुरुषांच्या मणक्यांना हाडाच्या चोची फुटलेल्या असतात आणि पुढून जाणाऱ्या महाधमनीत कॅल्शियम साचलेले असते. हे सगळे यंत्र हाड म्हणूनच मोजते आणि आकडा फुगवते. मधुमेही पुरुषांत तर मणक्यांच्या पुढून मेणासारखे ओघळलेले हाड जमण्याचा ‘डिश’ नावाचा प्रकार बऱ्यापैकी आढळतो. त्यात आकडा उत्तम येतो आणि पाठीचा कणा मात्र ताठ, कडक आणि मोडायला सोपा झालेला असतो. एखाद्या मणक्याचा टी-स्कोअर शेजारच्यापेक्षा एकाहून जास्त अंकाने वेगळा असेल तर तो मणका हिशेबातून वगळायचा असतो. रिपोर्टमध्ये तसे केले आहे का, हे पाहून घ्यावे.

तपासणी दहा-पंधरा मिनिटांची, न दुखणारी. किरणांचे प्रमाण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. त्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी घेऊ नये, कारण पोटातली न विरघळलेली गोळी मणक्याच्या छायेत येते. नुकताच बेरियमचा किंवा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर दोन आठवडे थांबावे. कंबरपट्टा, नाणी, किल्ल्या काढून ठेवाव्यात. एका खुब्यात प्लेट किंवा कृत्रिम सांधा असेल तर आधीच सांगावे, म्हणजे दुसरी बाजू घेतील. पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी. दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे शेजारी ठेवून ‘हाडे सुधारली’ म्हणण्यात अर्थ नाही.

आणि शिबिरातली टाचेची तपासणी? ती अल्ट्रासाउंडची असते. तिच्यावर छापून येणारा ‘मायनस’ आणि डेक्साचा ‘मायनस’ एक नव्हेत. तिच्यावरून ऑस्टिओपोरोसिस ठरवता येत नाही, नाकारता तर मुळीच येत नाही, आणि उपचाराने फरक पडला का हेही कळत नाही. मधुमेही पुरुषाला त्या हिरव्या पट्ट्यावर ‘उत्तम’ शेरा मारून घरी धाडणे धोक्याचे आहे. शिबिर भरवणाऱ्या मंडळांना आमची कळकळीची विनंती आहे: टाचेचे यंत्र आणण्यापेक्षा भिंतीवर उंची मोजायची पट्टी लावा आणि हात नसलेली एक खुर्ची ठेवा. यातून खरोखर उपयोगाची माहिती मिळते.

उंचीचे असे. तरुणपणची उंची आठवा. जुन्या नोकरीच्या कागदांत किंवा पासपोर्टच्या अर्जात ती सापडते. आज मोजलेली उंची त्याहून ४ सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरली, किंवा मागच्या मोजणीपासून २ सेंटिमीटर घटली, तर एखादा मणका दबला असण्याची दाट शंका घ्यावी. मोजताना चप्पल काढा, टाचा भिंतीला लावा, नजर समोर ठेवा. त्याच स्थितीत डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का पाहा. हनुवटी वर न उचलता डोके टेकत नसेल तर पाठीला बाक आला आहे. तिसरी खूण कुशीत असते: सरळ उभे राहून शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्यामध्ये बोटे घाला. दोन बोटेही मावत नसतील तर कणा खाली बसला आहे. यातली एकही खूण आढळली, तर पाठीच्या आणि कंबरेच्या मणक्यांचा बाजूने काढलेला एक्स-रे हवा. चिठ्ठीवर त्याला डॉर्सोलंबर स्पाइन लॅटरल म्हणतात.

या एक्स-रेबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथेच निदान सर्वांत जास्त वेळा हातातून जाते. मणक्याची निम्म्याहून जास्त फ्रॅक्चर मुकी असतात. माणूस पडलेला नसतो. पाण्याची बादली उचलली, शिंक आली, रिक्षा खड्ड्यातून गेली, एवढेच घडलेले असते. पाठ भरून आली की घरी गॅस म्हणतात, बाहेर स्पाँडिलोसिस म्हणतात, पट्टा बांधतात, मालिश करतात. एक्स-रे काढला तरी रिपोर्टात ‘वयोमानानुसार बदल’ एवढेच येते आणि एका मणक्याची पुढची बाजू चपटी झालेली कुणी मोजत नाही. मणक्याची उंची वीस टक्क्यांनी किंवा जास्त घटलेली असेल तर ते फ्रॅक्चर आहे. मोठा अपघात किंवा दुसरा आजार त्यामागे नसेल, तर टी-स्कोअर कितीही छान असो, निदान ऑस्टिओपोरोसिस हेच होते आणि उपचार सुरू व्हायला हवेत. एक मणका दबला की पुढच्या वर्षभरात दुसरा दबण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून एक्स-रे दाखवताना सरळ विचारावे, ‘यात एखादा मणका दबलेला आहे का?’

वयस्कर पुरुषाची पाठ रात्री झोपेत दुखत असेल, वजन उतरत असेल, रक्त कमी असेल, तर मात्र ऑस्टिओपोरोसिसवर थांबू नये. मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतला कर्करोग) किंवा प्रोस्टेटचा कर्करोग आधी वगळावा. हाडे ठिसूळ आढळलेल्या प्रत्येक पुरुषात मागचे कारण शोधायलाच हवे, बायकांपेक्षाही जास्त कसोशीने: क्रिएटिनीन, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, हिमोग्राम, गरजेप्रमाणे पॅराथॉर्मोन आणि सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. आपल्या माळव्यात गहू रोजचा. जुनाट जुलाब, न वाढणारे रक्त असेल तर सिलिअ‍ॅकची, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराची, टीटीजी ही रक्ततपासणीही करावी. टेस्टोस्टेरॉन सकाळी उपाशीपोटी तपासतात. तो कमी निघाला म्हणून ‘ताकदीची’ इंजेक्शने हाडांसाठी घेऊ नयेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या पुरुषांत फ्रॅक्चर कमी न होता थोडी वाढलेलीच दिसली.

आता पडण्याविषयी. खुबा मोडायला दोन गोष्टी लागतात, कच्चे हाड आणि पडणे, आणि मधुमेह दोन्ही पुरवतो. पायांना जमीन नीट कळत नाही, मोतीबिंदूने किंवा पडदा बिघडल्याने पायरी दिसत नाही, मांड्यांतली ताकद गेलेली असते, रात्री तीन वेळा लघवीला उठावे लागते. कोणी पडले की आपण ‘कुठे लागले’ विचारतो. ‘किती वाजता पडले’ हेही विचारा. पहाटे तीन-चारला किंवा जेवण लांबल्यावर पडले असतील तर साखर उतरली होती का, ही शंका आधी घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लेमाइड आणि इन्शुलिन यांनी साखर खाली जाते; मूत्रपिंड थकलेले असेल तर गोळीचा अंमल लांबतो. संकष्टीचे उदाहरण घ्या. सकाळी सवयीने ग्लिमेपिराइड घेतली, दिवसभर थोडे दाणे आणि चहा, चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला. संध्याकाळी सातच्या सुमारास घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि देवघरातून उठताना तोल जातो. उपास करायचाच असेल तर त्या दिवशी कोणती गोळी गाळायची हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावे, आणि साखर ७० च्या खाली गेली तर चंद्राची वाट न पाहता तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्यावी.

सत्तरीपुढच्या, इतर आजार असलेल्या माणसाचा एचबीए१सी साडेसहावर आणायचा हट्ट नको. ८ च्या आत असला तरी पुष्कळांना पुरते. अ‍ॅकॉर्ड या मधुमेहींवरच्या मोठ्या चाचणीत साखर अगदी कडक आटोक्यात ठेवूनही फ्रॅक्चर कमी झाली नव्हती. याचा अर्थ साखर मोकळी सोडा असा मात्र नाही. नऊ-दहाच्या पुढचा एचबीए१सी हाडे, डोळे, नसा सगळेच खातो.

पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजा, मग उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना चक्कर येण्याचे कारण सापडले. रक्तदाबाच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, लघवीवाटे साखर काढणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या या सगळ्या मिळून तो उतरवतात. इंदूरच्या मे महिन्यात तर जास्तच. हात नसलेल्या खुर्चीवरून हाताची घडी घालून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पायांची ताकद कमी पडते आहे. मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असेल आणि आहार शाकाहारी असेल तर बी१२ तपासा. पायांचा बधिरपणा दर वेळी साखरेनेच आलेला नसतो, आणि हा बरा करता येण्यासारखा असतो.

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत जिने उभे, उंबरे उंच आणि संडास आवाराच्या टोकाला. नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स. दोन्हीकडे करायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण नीट करायला हव्यात. कमोडशेजारी आणि न्हाणीत स्टीलचा दांडा भिंतीत ड्रिल करून, पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये, ८० ते ९० सेंटिमीटर उंचीवर बसवावा. जाडी मुठीत पूर्ण मावेल अशी, साधारण ३२ ते ३८ मिलिमीटर. टॉवेलचा दांडा वजन घेत नाही, तो उपटून हातात येतो. रबराच्या वाटीने टाइलला चिकटणारा दांडाही नेमका ओल्या भिंतीवर सुटतो. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. मधले पायपुसणे उचलून टाकावे किंवा खाली रबर असलेले घ्यावे. रात्री वारंवार लघवी होणाऱ्यांनी पलंगाशी युरिन पॉट ठेवण्यात संकोच करू नये. घरात अनवाणी फिरू नये, पण सुटी स्लिपरही नको. मागे पट्टा असलेली सपाता हवी. आणि दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरचे डबे काढायला सत्तरीच्या माणसाने स्टुलावर चढू नये.

औषधांच्या यादीतही हाडांचे शत्रू असतात. पायोग्लिटाझोन ही साखरेची गोळी स्वस्त आणि परिणामकारक म्हणून आपल्याकडे भरपूर लिहिली जाते. अस्थिमज्जेतल्या ज्या पेशींपासून हाड बनवणाऱ्या पेशी व्हायच्या, त्यांना ती चरबीच्या पेशींकडे वळवते. फ्रॅक्चर वाढल्याचा ठळक पुरावा बायकांत आहे, तरी ठिसूळ हाडांच्या पुरुषाला पर्याय असताना ती देऊ नये असे आमचे मत आहे. ग्लिफ्लोझिन गटातल्या कॅनाग्लिफ्लोझिनबाबत कॅनव्हास नावाच्या औषध-चाचणीत फ्रॅक्चर जास्त दिसली. तिच्या गटातल्या इतर गोळ्यांत तसे ठामपणे आढळलेले नाही. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल तर हाडांचे औषध सुरुवातीपासूनच विचारात घ्यावे. प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषी हार्मोन बंद करणारी इंजेक्शने चालू असतात. त्यांनी हाडे झपाट्याने झिजतात, आणि त्या धामधुमीत डेक्साची आठवण कुणालाच राहत नाही. गुडघेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्यांपासून लांब राहावे. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते, आणि अशा पुडीने दुखणे थांबते तेव्हा साखर मात्र चढते.

खाण्याचे गणित सोपे आहे. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. पाव लिटर दुधात सुमारे ३००, वाटीभर दह्यात २०० च्या आसपास, १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात ३५० च्या जवळपास, आणि चमचाभर, म्हणजे १० ग्रॅम, बिनसोललेल्या तिळात शंभराच्या वर असते. तिळातले सगळे अंगी लागत नाही, पण तिळाची चटणी रोज ताटात असावी. मधुमेह म्हणून दूध बंद करणारे पुष्कळ भेटतात; बिनसाखरेचे दूध बंद करायचे काही कारण नाही. एवढे खाण्यातून मिळत असेल तर गोळी नको. कमी पडते तेवढीच भर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत, जेवणासोबत घ्यावी. पँटोप्राझोलसारखी आम्लाची गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम कार्बोनेट नीट विरघळत नाही, सायट्रेट मागावे. पोह्यांवर शेव, जेवणात शेव, चहासोबत शेव, ही आपल्या शहराची सवय मिठावाटे लघवीतून कॅल्शियम बाहेर घालवते, म्हणून तिला आवर हवा. प्रथिने किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ते ७० ग्रॅम. नुसत्या पातळ वरणाच्या दोन वाट्यांतून ती निघत नाहीत. दूध-दही, पनीर, सोयाबीन, उसळी, चालत असल्यास अंडी हवीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील.

ड जीवनसत्त्वाबद्दल दोन टोकाच्या चुका होतात. कोवळ्या उन्हात फिरून ते फारसे बनत नाही. त्यासाठी लागणारी किरणे दहा ते तीनच्या उन्हात असतात. हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातून काही वेळा पंधरा-वीस मिनिटे पुरतात, पण बधिर पायांनी तापलेल्या गच्चीवर अनवाणी जाऊ नये. दुसरी चूक साठ हजार युनिटच्या पुडीची. ती आठवड्याला एक, आठ आठवडे आणि मग महिन्याला एक अशी असते. चिठ्ठी हरवते आणि आठवड्याची पुडी वर्षभर चालते, कधी तर रोज घेतली जाते. मग तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा; रक्तातले कॅल्शियम चढलेले असते आणि मूत्रपिंड दुखावते. सहा लाखांचे एकदम टोचायचे इंजेक्शनही नको. वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिलेल्या वृद्ध महिलांच्या चाचणीत पडणे आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढले होते. आणि हेही स्पष्ट लिहितो की कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हा ऑस्टिओपोरोसिसचा उपचार नव्हे. ते पायाभूत आहेत, औषध वेगळे असते.

ते औषध मधुमेहातही काम करते. अलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. ठरलेल्या वारी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास बसून किंवा उभे राहायचे. आडवे झाले तर अन्ननलिकेला जखम होते. चहा-दुधासोबत घेतली तर गोळी अंगी लागत नाही आणि पैसे वाया जातात. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन या अर्ध्या तासानंतर, नाश्ता समोर आल्यावरच. कॅल्शियम दुपारच्या जेवणात. मधल्या वेळात साखर उतरल्याची लक्षणे दिसली तर खुशाल साखर खावी, त्या आठवड्याची गोळी फुकट गेली तरी चालेल. मधुमेहाने जठर मंदावलेले असेल, गिळताना अडकत असेल, तर गोळीऐवजी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा सलाइनवाटे, किमान पंधरा मिनिटे घेऊन देतात. पुरुषांवरच्या चाचणीत त्याने मणक्यांची नवी फ्रॅक्चर दोन तृतीयांशांनी कमी केली. आधी ड जीवनसत्त्व भरून काढावे, भरपूर पाणी प्यावे, क्रिएटिनीन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) ३५ च्या खाली असेल तर देऊ नये. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते. पॅरासिटामॉल पुरते, साखरेवर नजर ठेवावी. दात काढायचे असतील तर आधी काढून घ्यावेत. जबड्याचे हाड कुजण्याचा धोका फार थोडा आहे, पण मधुमेहात हिरड्या आधीच कमकुवत असतात. बरीच वर्षे औषध चालू असताना मांडीत नवे दुखणे सुरू झाले तर मांडीच्या हाडाचा एक्स-रे काढावा.

हाडांसाठीचे दुसरे औषध डेनोसुमॅब. त्याचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते. ते सुरू करणे सोपे, सोडणे अवघड. तारीख महिन्याभराहून जास्त चुकली किंवा दुसरे औषध न देता बंद केले तर हाडे उलट झपाट्याने झिजतात आणि एकामागून एक मणके दबतात. मुलगा पुण्याला, आजोबा सहा महिने इकडे सहा महिने तिकडे, अशा घरांत तारीख सांभाळणार कोण, हे ठरल्याशिवाय सुरू करू नये. डायलिसिसवरच्या रुग्णात त्याने कॅल्शियम धोकादायक उतरू शकते. एकाहून जास्त मणके दबले असतील तर नवे हाड भरणारे टेरिपॅराटाइड, रोज २० मायक्रोग्रॅम त्वचेखाली, जास्तीत जास्त २४ महिने, आणि त्यानंतर न चुकता झिज थांबवणारे औषध.

व्यायामात नुसते चालणे पुरत नाही. खुर्चीवरून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, हलके वजन उचलणे आठवड्यातून दोन-तीनदा हवे. मणका दबलेल्यांनी मात्र कंबरेतून पुढे वाकायची आसने करू नयेत: पश्चिमोत्तानासन, हलासन, आणि सूर्यनमस्कारही. योगवर्गात शिक्षकांना हे आधी सांगावे.

एवढे करूनही खुबा मोडलाच, तर ४८ तासांच्या आत ऑपरेशन व्हावे. साखर ३०० आहे म्हणून आठ-आठ दिवस ट्रॅक्शनवर (पायाला वजन बांधून) पाडून ठेवणे चूक आहे. इन्शुलिनने काही तासांत ती १८० च्या आसपास आणता येते, आणि पडून राहण्याने फुप्फुसे आणि पाठीच्या जखमा जास्त जीव घेतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत भरती होऊन उपचार मिळतात. कार्ड आधीच काढून ठेवावे. हाड मोडल्यावर धावपळ नको. बाहेरच्या तपासण्या आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, म्हणून डेक्साचा आणि हाडांच्या औषधाचा खर्च घरच्यांनी धरून चालावा. प्लेट किंवा सांधा बसतो, टाके निघतात, आणि डिस्चार्जच्या कागदावर अँटिबायोटिक, पेनकिलर, कॅल्शियम एवढेच असते. खुबा मोडलेल्यांना ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक अ‍ॅसिड दिल्याने नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ च्या चाचणीत दिसले आहे. त्यात दोन आठवडे उलटल्यावर दिलेल्यांना जास्त फायदा झाला होता. म्हणून वॉर्ड सोडण्यापूर्वी ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट, क्रिएटिनीन आणि हाडांच्या औषधाची तारीख कागदावर लिहून घ्यावी, आणि ती कोण देणार, हाडांचे डॉक्टर की मधुमेहाचे, हेही तिथेच ठरवून घ्यावे.

आपले,
मधुमेह, अस्थिरोग व फिजिओथेरपी क्षेत्रांत काम करणारे काही मराठी वाचक, इंदूर